भोपळ्याची नोंद

नोव्हेंबरातला रविवार, उपकारस्तुतीचा सण.
उपासना संपली, बाकं भिंतीला सरकवली,
आणि वेदीपुढचा ढीग टेबलावर यायला लागला:
बावड्याच्या गुऱ्हाळातली ढेप, उसाची मोळी,
पन्हाळ्याकडची नाचणी, आणि पाय बांधलेला एक कोंबडा
ज्यानं प्रवचनात दोनदा मधेच तोंड घातलं होतं.
मी खजिनदार. वही माझी, पेन मंडळीचं.
शांतवनमामा हातोड्याऐवजी लाटणं आपटतात.

रूथमावशींनी भोपळा आणला होता,
एका अंगाला बसका,
पत्र्याला टेकून वाढला तिथं फिका पिवळा.
चाळीसपासून सुरू झाला.
ऐंशीवर चोपडे मास्तर होते, आणि मास्तरांच्या पुढं
सहसा कुणी जात नाही.

तेवढ्यात फाटकात पांढरी गाडी.
मानसिंग तोडकर. मागे चौघं.
वॉर्ड महिलांसाठी राखीव झाल्यापासून
ते बायकोच्या वतीनं नमस्कार करतात.
वहिनी गाडीतच, काच अर्धी खाली.
"चालू द्या, चालू द्या," म्हणाले,
आणि चालू होतं ते थांबलं.
"कितीवर आलाय? ऐंशी?
अकरा हजार."

लाटणं हवेतच राहिलं.
मी लिहिलं: भोपळा एक. अकरा हजार. तोडकर.

फोटोसाठी भोपळा त्यांच्या हातात दिला.
मग चौघांपैकी एक कानाशी लागला,
पण कोल्हापुरात कानात सांगितलेलं
रंकाळ्यापर्यंत ऐकू जातं:
"साहेब, निवडणुकीच्या तोंडावर
हातात भोपळा?"
तापलं पातेलं ठेवावं तसा त्यांनी तो खाली ठेवला.
"मंडळीलाच परत अर्पण. पुन्हा बोला लिलाव."

तेव्हा रूथमावशी उठल्या.
"भाऊ, तुमचं आभार मानायचं राहिलंय.
आमच्या बोळात मागल्या अंगाला पाइपलाइन फुटलीया,
तीन वर्सं झाली. अर्ज दिलं सात.
नळाला थेंब न्हाई, पर त्या ओलीवर
बी टाकलं न्हाई का आळं केलं न्हाई,
वेल आपसूक आला. त्येचाच ह्यो.
देवाचं मघाशी मानलं,
तुमचं आत्ता मानते."

टोमणा होता की नाही, मला अजून सांगता येत नाही.
प्रार्थनेत असतो तसाच चेहरा होता मावशींचा.
कोंबडा तेवढा बोलला.

बुधवारी जेसीबी आला.
गुरुवारी ओहायोतून भाच्याचा फोन:
"मामा, आज इकडं आभाराची सुट्टी, सगळं बंद,
भोपळ्याचं गोड केलंय."
मी बरं बरं म्हणत गच्चीवरून बघत होतो.
बोळात चर, चरात निळा पाइप,
वेल मुळासकट उपसून कडेला,
त्याच्यावरची दोन फुलं अजून उघडी.
शुक्रवारी फलक लागला:
जलवाहिनीचे काम मार्गी लावल्याबद्दल
सौ. वहिनीसाहेबांचे जाहीर आभार.
शुभेच्छुक, समस्त नागरिक, गल्ली नंबर चार.
त्या समस्तांत मीही आहे म्हणे.

पाणी येतं आता. पहाटे पावणेपाचला, चांगल्या दाबानं.
खोटं कशाला बोलू,
मी फलकाखालून जाताना मान वर करत नाही,
पण बादली भरताना शिट्टी वाजवतो.
मावशी पहिली घागर काढतात, पदर खोचतात,
"पुढल्या सणाला काय आणू रं?" विचारतात.
मला सुचत नाही.

वही माझ्याकडे आहे.
भोपळा, दुसऱ्यांदा: ऐंशी रुपये, चोपडे मास्तर, रोख.
(त्याचे घारगे पुढच्या रविवारी बाकाबाकावर फिरले,
तीळ जरा जास्त होते.)
भोपळा, पहिल्यांदा: अकरा हजार,
आणि पुढे माझ्याच अक्षरात:
येणे.